मस्तिष्कालेख आणि चांदीची वाटी



भर बाजारात एखादा माणूस फेफरे येऊन पडला म्हणजे काय होते, हे आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. भोवती घोळका जमतो. कोणी कांदा आणायला धावतो, कोणी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरतो, कोणी त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. दोन-तीन मिनिटांत झटके बहुधा आपोआपच थांबतात आणि चपलेचा गुण आला असे सर्वानुमते ठरते. वास्तविक त्या वेळी करावयाचे ते इतकेच, की माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ द्यावे, तोंडात काहीही घालू नये, आणि पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. परंतु तो आजचा विषय नव्हे. पुढे चार दिवसांनी डॉक्टर एक चिठ्ठी देतात आणि सांगतात, "मेंदूचा आलेख काढून आणा." ती चिठ्ठी हातात घेऊन घरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात, तेथून माझे व्याख्यान सुरू होते.

मी डॉक्टर नव्हे. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी उमर गेली, आणि विजेच्या यंत्रांची हौस असल्यामुळे ह्या आलेखाच्या खोलीत मी पुष्कळ तास काढले आहेत. तेथे येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. शॉक देतात का? डोके भादरावे लागते का? मनातले सारे कागदावर उमटते का? तिन्हींचे उत्तर "नाही" असे आहे. यंत्र डोक्यात वीज सोडीत नाही; डोक्यात जी वीज मुळातच आहे, तिची चाहूल तेवढी घेते. केस जसेच्या तसे राहतात. आणि मनातले वाचण्याचे म्हणाल, तर ह्या आलेखावरून आपण आता कोणाचा विचार करीत आहात हे कोणालाही सांगता येणार नाही, ह्याबद्दल निश्चिंत असावे.

ह्या आलेखाला विद्युत्-मस्तिष्कालेख असे भारदस्त नाव आहे, दवाखान्यात ई.ई.जी. म्हणतात. त्याविषयी बोलताना लोक यंत्राचे कौतुक करतात. मला आज आपले लक्ष यंत्रावरून काढून एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूकडे वळवायचे आहे. ती ही पाहा. बोटाच्या नखाएवढी चांदीची वाटी, तिच्या काठाला जोडलेली एक तार. हिला विद्युत्-अग्र म्हणतात. आज मी हिला नुसती वाटीच म्हणेन. ह्या टेबलाशी खुर्चीवर बसलेला हा तरुण माझा विद्यार्थी आहे. बोलता बोलता त्याच्या डोक्यावर अशा वाट्या मी लावणार आहे, म्हणजे नुसत्या शब्दांवर भिस्त ठेवावी लागणार नाही.

प्रथम मोजमाप लक्षात घ्यावे. हातातल्या विजेरीच्या घटाचा दाब दीड व्होल्ट असतो. डोक्याच्या कातडीवर मेंदूच्या विजेचा जो दाब मिळतो, तो साधारणपणे व्होल्टाच्या दहा लाखाव्या भागाच्या दहापट ते शंभरपट, म्हणजे १० ते १०० मायक्रोव्होल्ट. ५० मायक्रोव्होल्ट धरले तर त्या घटाचा तीस हजारावा हिस्सा! हृदयाचा आलेख आपण सर्रास काढतो. तेथे दाब सुमारे १ मिलिव्होल्ट, म्हणजे ह्याच्या वीसपट मिळतो. आणि हाही एका पेशीचा आवाज नव्हे. पंढरीच्या वाटेवर दिंडीपासून दूर, दोन शेते पलीकडे उभे राहा. कोण काय बोलतो आहे हे ऐकू येणार नाही. पण शेकडो टाळ एका ठेक्यात पडले म्हणजे तो ठेका तेवढा पोचतो. मेंदूच्या वरच्या थरातील लाखो पेशी जेव्हा एकाच वेळी, एकाच दिशेने उद्दीपित होतात, तेव्हाच कवटीच्या हाडापलीकडे काही पोचते.

मेंदूत वीज आहे हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने १८७५ साली सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर प्रयोग करून दाखवले होते. माणसाच्या बाबतीत ते काम जर्मनीतील येना येथील मानसरोगतज्ज्ञ हान्स बर्गर ह्याने केले. १९२४ साली, कवटीचे हाड शस्त्रक्रियेने काढलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलावर त्याला पहिली लहर दिसली. आता अशी गोष्ट हाती लागल्यावर माणूस दुसऱ्याच दिवशी जाहीर करील. बर्गरने ती पाच वर्षे जाहीर केली नाही! आपल्याला दिसते ती लहर मेंदूचीच कशावरून, हा प्रश्न त्याला सोडीना. हृदयाची नसेल? रक्तवाहिनीच्या ठोक्याने सुई हलत असेल? कातडीची, स्नायूंची असेल? त्याने सुया बदलल्या, चांदीचा पत्रा वापरून पाहिला, स्वतःच्या मुलाच्या डोक्यावर प्रयोग केले, आणि एकेक शंका फेडून १९२९ मध्ये पहिला निबंध छापला. तरीही फारसे कोणी मानले नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज ह्यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा जग बर्गरकडे वळले. बर्गरची ही पाच वर्षे मी मुद्दाम सांगितली. आलेखाच्या खोलीत काम करणाऱ्या माणसापुढे रोज सकाळी तोच प्रश्न असतो: ही लहर मेंदूची की आणखी कशाची?

ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर वाटीत आहे. तारेत वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांच्या रूपाने. शरीरात इलेक्ट्रॉन असे मोकळे हिंडत नाहीत. तेथे मिठाचे विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, ये-जा करतात. जुन्या मंडळींना पूर्वीचे कुर्डुवाडी स्टेशन आठवत असेल. मोठ्या रुळांवरची गाडी तेथे यायची आणि बार्शीकडे जाणारी गाडी छोट्या रुळांवरची. डबे पुढे जाऊ शकत नसत. माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. हमाल चांगले असले तर काम सुरळीत. नाहीतर फलाटावर पोत्यांची रास. कातडी आणि धातू ह्यांच्या सांध्यावर नेमके हेच घडते. साधे पोलाद किंवा तांबे लावले तर भाराची रास साचते, आणि धातू व खारट द्रव ह्यांच्या स्पर्शाने तेथे जणू एक लहानसा घटच तयार होतो. त्याचा दाब मेंदूच्या दाबाच्या हजारो पट असू शकतो. तो स्थिर राहिला असता तर वजाबाकी करून सुटलो असतो. पण कातडी जरा हलली, घाम आला, की तो डगमगतो. आणि त्याचे डगमगणे कागदावर मेंदूच्या लहरीसारखे दिसते.

ह्यावर शोधलेला उपाय म्हणजे चांदी आणि तिच्यावर चांदीच्या क्लोराइडाचा पातळ थर. हा थर दोन्ही बाजूंचा माल चढवतो-उतरवतो, रास साचू देत नाही. तो घरीही चढवता येतो. मिठाच्या पाण्यात वाटी बुडवून तिची तार घटाच्या धन टोकाला जोडावी, ऋण टोकाला चांदीची दुसरी तार लावून तीही त्या पाण्यात सोडावी. थोड्या वेळात वाटीची चकाकी जाऊन तिच्यावर राखी-जांभळट कळा येते. अजाण मदतनीस "वाटी काळी पडली" म्हणून ती चिंचेने लखलखीत घासतो. भांडे म्हणून उत्तम. वाटी म्हणून ती बाद झाली. आणखी एक पथ्य असे, की एका डोक्यावर एकाच धातूच्या वाट्या लावाव्यात. सोन्याची एक आणि चांदीची एक लावली तर दोहोंमध्ये आपणच एक घट बांधून ठेवला असे होते.

आता वाटी कोठे लावायची? अंदाजाने चालत नाही. मॉन्ट्रिआलचे हर्बर्ट जॅस्पर ह्यांनी आंतरराष्ट्रीय समितीतर्फे १९५८ साली जी पद्धत प्रसिद्ध केली, ती आजही जगभर चालते. तिला दहा-वीस पद्धत म्हणतात. नाकाच्या मुळाशी जो खळगा आहे तेथून डोक्यावरून मागे, मानेच्या वर हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत फीत धरायची. ह्या मुलाच्या डोक्यावर ते अंतर ३६ सेंटिमीटर भरले. त्याचे शेकडा दहा म्हणजे ३.६ आणि शेकडा वीस म्हणजे ७.२. पुढून दहा टक्क्यांवर पहिली खूण, मग वीस-वीस टक्क्यांवर चार, आणि शेवटी दहा टक्के उरतात. असेच मोजमाप एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आणि डोक्याच्या घेराचे. शेकडेवारी धरण्यात खुबी अशी, की दोन वर्षांच्या बाळाचे डोके असो की पैलवानाचे, खूण मेंदूच्या त्याच भागावर येते. डावीकडच्या जागांना विषम आकडे, उजवीकडच्यांना सम. डोक्यावर नेहमी एकोणीस वाट्या लागतात, शिवाय कानांना दोन आणि एक भूमीची.

मोजण्यात आळस केला तर काय बिघडते? डावी वाटी एक-दोन सेंटिमीटर सरकली की डावीकडची लहर उजवीपेक्षा लहान दिसते, आणि मेंदूच्या डाव्या भागात काही दोष असावा अशी शंका वाचणाऱ्याच्या मनात येते. दोष फितीचा, आणि संशय मेंदूवर!

ह्या मुलाला मी चारच वाट्या लावतो. डोक्याच्या मागच्या उंचवट्यापासून ३.६ सेंटिमीटर वर मधली खूण; तेथून दोन्ही बाजूंना घेराच्या शेकडा पाच, म्हणजे ५६ सेंटिमीटरांच्या घेरावर २.८ सेंटिमीटर. ह्या झाल्या दोन जागा. एक वाटी कानाच्या पाळीला, एक कपाळावर भूमीची. फणीच्या टोकाने केसांत भांग पाडला. उघड्या पडलेल्या कातडीवर कापसाने किंचित खरखरीत मलम चोळतो आहे. वरचा मेलेला थर तेवढा निघावा, रक्त निघता कामा नये. आता वाटीत मीठयुक्त लगदा भरून ती दाबून बसवली आणि वर कापडाचा तुकडा ठेवला.

आपल्याकडची एक खास अडचण येथे सांगितली पाहिजे: खोबरेल तेल. दवाखान्यात जायचे म्हणून आई मुलीला छान तेल लावून घट्ट वेणी घालून आणते. तेल विजेला अडवते, लगदा घसरतो, आणि पाऊण तास वाट्या चिकटवण्यात जातो. आदल्या दिवशी शिकेकाईने नाहून, तेल न लावता आलेला रोगी हा आलेखाच्या खोलीत पाहुण्यासारखा वाटतो.

वाटी बसली, पण लागली का? हे पाहायला सांध्याचा विरोध मोजतात. त्यासाठी अगदी अल्प, उलटसुलट वाहणारा प्रवाह वापरतात. एकाच दिशेचा वापरला तर वाटीवर पुन्हा रास साचेल. विरोध पाच हजार ओहमांच्या आत असावा असा जुना दंडक आहे. त्याहूनही महत्त्वाचे, तो सर्व वाट्यांचा सारखा असावा. कारण असे. ह्या सभागृहाच्या भिंतींतून २३० व्होल्टांच्या तारा गेल्या आहेत, त्यांत वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, आणि आपले शरीर त्या हेलकाव्यांना आयतेच सापडते. ही गुणगुण मेंदूच्या लहरीहून कितीतरी मोठी असते. यंत्र तराजूसारखे काम करते. दोन वाट्यांवर जे सारखे येते ते दोन्ही पारड्यांत पडून कटते. फरक तेवढा शेकडो-हजारो पट वाढवून दाखवला जातो. एका वाटीचा सांधा चांगला आणि दुसरीचा वाईट असला, की एकच गुणगुण दोन पारड्यांत कमीजास्त पडते आणि कटत नाही. मग पडद्यावर जाड पट्टा दिसतो. यंत्राला ही गुणगुण गाळून टाकणारी एक कळ असते. घाईत असलेला माणूस ती दाबतो आणि पट्टा नाहीसा होतो. माझ्या मते हे ताप उतरला म्हणून समजण्यासाठी थर्मामीटर फोडण्यासारखे आहे. सैल वाटी सैलच राहिली, तिची चुगली करणारा तेवढा गेला.

ह्याच्या उलट दोषही असतो. लगदा सढळ हाताने थापला तर शेजारच्या दोन वाट्यांचे लगदे केसांखाली एकमेकांना मिळतात. दोन वाट्यांची एकच वाटी होते, फरक शून्य, आणि कागदावर सरळ रेघ येते. सरळ रेघेचा अर्थ काय होऊ शकतो हे मी सांगायला नको. म्हणून मेंदूचे कार्य कायमचे थांबले आहे का, हे पाहण्यासाठी आलेख काढतात तेव्हा सांध्याचा विरोध शंभर ओहमांच्या खाली नाही ना, हेही तपासण्याचा नियम आहे, आणि प्रत्येक वाटीवर बोटाने टिचकी मारून रेघ हलते का ते पाहतात.

वाट्या नीट लागल्या तरी इतर पाहुणे येतातच. डोळा हा स्वतःच एक लहान घट आहे. त्याचा पुढचा भाग मागच्या भागाच्या मानाने धन असतो. पापणी लवली की कपाळावरच्या वाट्यांत मेंदूच्या लहरीहून मोठी लाट उठते. दात आवळले की कानशिलावर काटेरी गवत उगवते. घामाने रेघ हळूहळू वरखाली तरंगते. वाटीखाली रक्तवाहिनी आली तर नाडीचे ठोके पडतात. आणि सर्वांत फसवी ती सुकत चाललेली वाटी: तिचा सांधा मध्येच क्षणभर तुटतो आणि टोकदार सुळका उमटतो. फेफऱ्याच्या रोग्यात डॉक्टर जे टोकदार सुळके शोधीत असतात, त्यांचा हा सोंगाड्या भाऊ.

ह्या भावाने केलेला एक प्रताप मी पाहिला आहे. आमच्या परिचयातील एक मुलगी, लग्न ठरलेले, उन्हात एका समारंभाला तासभर उभी राहिली आणि कोसळली. हातपाय एक-दोनदा हलले. "फिट आली" अशी आवई उठली. एका ठिकाणी आलेख काढला. डाव्या कानशिलावर संशयास्पद सुळके आहेत, असा अभिप्राय आला. वराकडच्यांनी निरोप धाडला. गोळ्या सुरू झाल्या. पुढे दुसऱ्या एका जाणत्या डॉक्टरांनी अभिप्राय बाजूला ठेवून मूळ आलेख मागवला. सुळके होते खरे, पण एकाच वाटीत; शेजारच्या एकाही वाटीत त्यांचा मागमूस नव्हता. विहिरीत दगड पडला तर तरंग काठापर्यंत पसरतात. मेंदूतील खळबळही शेजारच्या वाट्यांना, थोडी कमी प्रमाणात का होईना, जाणवलीच पाहिजे. एकट्या वाटीचा सुळका बहुधा त्या वाटीचाच असतो. आलेख पुन्हा काढला. सुळके गेले होते. तेवढ्यावरही त्या डॉक्टरांनी निकाल दिला नाही. पडण्यापूर्वी डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, अंग घामेजले होते का, शुद्ध किती वेळात आली, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना विचारले, आणि ती साधी भोवळ होती असे सांगितले. मोडलेले लग्न मात्र जुळले नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी अर्धसत्य सांगितल्यासारखे होईल. ज्यांना खरोखर फेफरे आहे अशांपैकी सुमारे निम्म्यांच्याच पहिल्या आलेखात खूण सापडते. ती सापडावी म्हणून रात्री जागवून दुसऱ्या दिवशी झोपेतला आलेख काढतात, पुनःपुन्हा काढतात. आलेख स्वच्छ आला म्हणून कोणी गोळ्या बंद करू नयेत. काही प्रकारांत मात्र आलेख फार नेमके बोलतो. क्षणभर टक लावून हरवणारी, वर्गात "लक्ष नाही" म्हणून मार खाणारी काही मुले असतात. त्यांच्या आलेखात सेकंदाला तीन अशा सुळका-आणि-लाट जोड्या धावतात, हे गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स ह्यांनी १९३५ साली दाखवले. त्या मुलांचा मार औषधाने थांबू शकतो.

कायद्याचेही एक प्रकरण ह्यात आहे. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात, वारंवार फेफरे येणे ही लग्नाच्या आड येणारी गोष्ट म्हणून घातली गेली होती. १९९९ साली तो शब्द काढून टाकण्यात आला. कांदेपोह्यांच्या बैठकीत तो अजून ऐकू येतो.

अलीकडे तरुण मंडळींना छोटे तयार सर्किट आणि तीन वाट्या बाजारात मिळू लागल्या आहेत. प्रदर्शनात कोणी "विचारांवर चालणारी मोटार" मांडतो. मी अशा मुलांना एकच विचारतो: डोळे न मिचकावता चालवून दाखव. बहुतेक मोटारी तेथेच थांबतात, कारण त्या पापणीवर आणि जबड्यावर चालत असतात. प्रयोग मात्र जरूर करावा. पण वाटी डोक्याला लावली असताना यंत्र घटांवरच चालवावे; जोडलेला संगणकही भिंतीतल्या विजेवर चार्ज होत नसावा. डोक्यापासून भिंतीतल्या विजेपर्यंत तारेची सलग वाट राहू देऊ नये. येथे मांडलेले यंत्र घटांवरच चालते आहे.

(येथे सभागृहातील दिवे मंद करण्यात आले आणि यंत्राची रेघ पडद्यावर दाखवण्यात आली.)

आपण पाहत आहात ती बारीक, वेडीवाकडी रेघ ह्या मुलाच्या डोक्यामागची आहे. आता त्याने डोळे मिटले. पाहा, रेघ कशी लयीत आली! मोजा: सेकंदाला दहा लहरी. आठ ते तेरांच्या दरम्यानची ही लय बर्गरला दिसली होती, हिलाच त्याने आल्फा म्हटले. आता डोळे उघड म्हणतो. गेली. पुन्हा मीट. आली. शंकेखोर श्रोत्यांनी विचारावे, ही मेंदूचीच कशावरून? विचारावेच. कपाळावरची भूमीची वाटी मी आता सैल करतो. हा पाहा गुणगुणीचा जाड पट्टा. पुन्हा बसवली, पट्टा गेला, लय राहिली. मुलगा पापण्या फडफडवतो आहे. ही वेगळी, मोठी, ओबडधोबड लाट. दोन्ही बाजूंच्या वाट्यांत लय एकदमच येते आणि एकदमच जाते, तेव्हा ती सुकलेल्या वाटीचीही नव्हे. अध्यक्षमहाराजांची सूचना आहे, की डोळे मिटलेलेच ठेवून त्याला मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणायला लावावे. ठीक. लय थोडी उतरली आहेसे दिसते. पण प्रत्येकाची उतरतेच असे नाही, म्हणून ह्यावरून मी काही सिद्ध करीत नाही.

आता वाट्या काढतो. चिठ्ठी मिळालेल्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. नाहून, तेल न लावता जावे. उपाशी जाऊ नये. चालू औषधे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नयेत. किती झोपून यायचे ते आधी विचारून घ्यावे. झटका प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला बरोबर न्यावे, आणि अभिप्रायाच्या कागदाबरोबर मूळ आलेखही मागून घेऊन जपून ठेवावा. केसांत राहिलेला लगदा कोमट पाण्याने निघतो. सुकू दिला तर मात्र फणी मोडते.